पाठीशी देव, पुढे आपण

(बिरसी येथे ग्रामसंघाच्या महिला मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. रोवणीच्या तयारीमुळे ज्या भगिनी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आधीच सांगते, हे विमानतळाचं गाव आहे. मधेच विमानाचा आवाज आला तर मी थोडी थांबेन, तुम्ही तेवढ्यात पाणी पिऊन घ्या.

मला आज बोलायला सांगितलं तेव्हा विषय विचारला. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "कर्ज, परतफेड, व्यवसाय हे दर वेळी होते. या वेळी मनाला धीर येईल असं काही बोल." तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या मुलीच्या वयाची मी. तुम्ही जेवढं सोसलंय त्याच्या निम्मंही मी पाहिलेलं नाही. त्यामुळे धीर द्यायला मी कोण, असा प्रश्न मलाच पडला. पण गेल्या काही वर्षांत मी तुमच्या किती बैठकांना बसले! बचत जमा होते, हप्ते घेतले जातात, नोंदवही लिहून होते, सह्या होतात. वही बंद झाली की खरी बैठक सुरू होते. तेव्हा जे ऐकलं, त्यावरच आज बोलते.

आपल्याला भीती कशाची वाटते? मृग लागला की विजेची. रोवणीला बांधीत उतरलं की सापाची. नवेगाव-नागझिऱ्याकडच्या गावांत मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालं की वाघाची. धान हाती येईपर्यंत पावसाची, आणि हाती आल्यावर भावाची. फायनान्सवाला हप्त्याच्या दिवशी दारात उभा राहील, त्याची. पोरगी मोबाईलवर कोणाशी बोलते, त्याची. नवरा आज कसा घरी येईल, त्याची. कोरोनात तर शेजारीण खोकली तरी छातीत धस्स व्हायचं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांनी रातोरात घरं सोडली. त्या भागातल्या बायांना आजही रात्रभर पाऊस लागला की झोप लागत नाही.

आणि हे सगळं बोलून झालं की एखादी मावशी हात जोडून म्हणते, "जाऊ दे बाई, देव आहे ना." सगळ्या जणी मान हलवतात आणि उठतात.

मला आज त्या वाक्यावर बोलायचं आहे. देव आहे ना, म्हणजे नेमकं काय?

ऑटोच्या मागच्या काचेवर, ट्रकवर, किराणा दुकानाच्या भिंतीवर तुम्ही स्वामी समर्थांचा फोटो पाहिला असेल. खाली लिहिलेलं असतं, भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. अक्कलकोटच्या स्वामींनी १८७८ मध्ये देह ठेवला. पण त्यांच्या नावाने चालत आलेल्या या शब्दांनी आजही लोकांना धीर मिळतो. मी ते खूप वेळा वाचलं होतं. मग एकदा त्यातल्या एका शब्दावर मन अडलं. पाठीशी. पाठीशी म्हणजे कुठे? मागे. मग पुढे कोण? पुढे तर आपणच.

बघा, तिथे असं लिहिलेलं नाही की तू घरी बस, तुझ्याऐवजी मी जातो. असंही लिहिलेलं नाही की तुझ्यावर संकट येणारच नाही. चालणाऱ्या माणसालाच पाठीशी कोणी असू शकतं. जो भिंतीला पाठ लावून बसला, त्याच्या पाठीशी भिंत.

आपल्या इकडे सगळ्यांचा देव एक नाही. या सभेतच विठ्ठलाच्या माळकरी आहेत, महानुभाव पंथाच्या आहेत, गोंडी भगिनी आहेत, बौद्ध भगिनी आहेत, मुस्लिम भगिनी आहेत. पण मी ज्या ज्या घरच्या गोष्टी ऐकल्या, त्यांत हाच धागा दिसला.

आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. सालेकसा तालुक्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून गोंड समाज येतो. तिथल्या गुहेची कथा गोंडी भगिनींना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, चुकलं तर सांगा. कली कंकाली मातेची ३३ मुलं गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर प्रचंड दगड, आत काळोख. जंगो रायताड माईचा जीव त्या लेकरांसाठी तुटत होता. पहांदी पारी कुपार लिंगो आणि हिरासुका पाटालीर त्यांना सोडवायला आले. हिरासुकाने गुहेबाहेर वाद्य वाजवलं, गाणं म्हटलं. ते ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं आणि सगळ्यांनी मिळून दगड ढकलला. दगड सरला, मुलं बाहेर आली. त्याच दगडाखाली हिरासुकाचा जीव गेला, असं सांगतात.

या कथेत बाहेरून गाणं आलं, आतून जोर लागला. दोन्ही नसतं तर मुलं आतच राहिली असती. आणि एकट्या मुलाने जोर लावला असता तरी दगड हलला नसता, ३३ जणांनी लावला.

जनाबाईचं घ्या. नामदेवांच्या घरी राबणारी बाई. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण देव आला म्हणून जनाबाई उठून झोपायला गेली, असं कोणी सांगत नाही. जात्याच्या खुंट्याला तिचाही हात होता. देव आला तो तिचं काम हलकं करायला आणि तिचं एकटेपण घालवायला.

आणि उंटाची गोष्ट मला आपल्या एका मुस्लिम भगिनीने बैठकीत सांगितली. एक माणूस उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवतो म्हणाला, तेव्हा पैगंबरांनी त्याला सांगितलं की आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. बौद्ध भगिनी म्हणतील, आमच्याकडे तर वरून वचन देणारा देवच नाही. खरं आहे. पण बुद्धांनी सुद्धा माणसाला हेच शिकवलं ना, की तूच तुझा आधार हो, आणि सोबतीला संघ दिला. आपण ग्रामसंघ म्हणतो, त्यातला संघ तोच शब्द आहे.

आता एका खऱ्या बाईबद्दल सांगते. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडिलांनी आईला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना, त्या काळात! घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरत होतं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते देवधर्मात, दानात गेलं. अंगमेहनतीचं काम कधी कोणी केलेलं नव्हतं. त्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण, तिघेही गेले. रमाबाई आणि भाऊ उपाशीतापाशी, पायी चालत देशभर फिरले. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला. पदरी एक लहान मुलगी, मनोरमा. वय अवघं तेवीस.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यावरून तेव्हा खूप वाद झाला. त्या वादात आज शिरायचं नाही. त्यांनी कोणत्या देवाला हाक मारली हा त्यांचा प्रश्न. देवाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी काय केलं, ते बघू. १८९६-९७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो, आणि भंडारा मध्य प्रांतात. या मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात रमाबाई स्वतः गेल्या. जी भूक त्यांनी तरुणपणी सोसली होती, तीच त्यांना पुन्हा समोर दिसली. त्यांनी तिथून शेकडो मुली आणि विधवा सोबत आणल्या. पुण्यात त्याच सुमाराला प्लेग होता, म्हणून मुलींना पुण्याजवळ केडगावच्या जमिनीवर ठेवलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार बाया-मुली होत्या.

दोन हजार तोंडं! रमाबाई रोज प्रार्थना करत. पण प्रार्थना करून उठल्यावर विहिरी खोदून घेत, शेती करत. मुली विणकाम शिकल्या, तेल गाळायला शिकल्या, गाई-म्हशी सांभाळायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. आपण आज ज्याला उपजीविका म्हणतो ते सगळं तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होतं.

आणि शेवटी काय झालं? १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, तीच गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्या बाईने ते काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

हे मी मुद्दाम सांगितलं. कारण बैठकीत मला विचारतात, "ताई, मी इतके उपास केले, तरी माझ्याच घरी असं का?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो म्हणेल माझ्याकडे आहे त्याच्यापासून जरा सांभाळून राहा. उपास केला म्हणून दुःख टळेल, असं वचन देवाने कोणाला दिलेलं मला तरी दिसत नाही. एवढंच वचन दिसतं की दुःखात तू एकटी नाहीस.

आता "सांभाळून राहा" का म्हणाले ते सांगते. आपल्याच भागातली एक ताई. नाव, गाव सांगत नाही. तिच्या मुलाला दर काही दिवसांनी हातापायांत असह्य दुखायचं, पोरगा रात्रभर रडायचा. तिला कोणीतरी सांगितलं, घरावर बाहेरचं आहे, अकरा हजारांत काढून देतो, खात्रीने. तिने गटात अंतर्गत कर्जाची मागणी केली, कारण लिहिलं "घरखर्च". बैठकीत एका मावशीने हळूच विचारलं तेव्हा खरं कळलं. गटाने तिला रागावलं नाही, हसलंही नाही. "तुझा देव्हारा तुझाच आहे, दिवा रोज लाव," म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दोघी जणी तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. तपासणीत सिकलसेल निघाला.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल खूप घरांत आहे. तो करणीने होत नाही, आई-वडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा म्हणतात. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, अती श्रम टाळणं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या न चुकवणं, यांनी दुखणं पुष्कळ आवरतं. त्या पोराचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण तो शाळेत जातो, आणि त्याची आई आता रात्री त्याचे पाय चोळताना घाबरत नाही, काय करायचं ते तिला माहीत आहे. त्या ताईच्या देव्हाऱ्यात आजही दिवा लागतो.

तायांनो, देवाचं वचन आणि बुवाची खात्री यांतला फरक इथे कळतो. वचनाला पैसे लागत नाहीत, बुवाची खात्री विकत मिळते. वचनाने भीती कमी होते, बुवा आधी भीती वाढवतो, मग औषध विकतो. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंतरत बसणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. रोवणीचे दिवस आलेत म्हणून पुन्हा सांगते. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्या. वाटेत देवाचं नाव घ्या, अवश्य घ्या. घेत घेत जा, पण थांबू नका.

आता मी तुम्हाला एक काम देणार आहे. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी आली म्हणजे काम देणारच, हे तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या बैठकीत वही बंद केल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने एकच भीती सांगायची. कोणी सल्ला द्यायचा नाही, कोणी "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे आधी सगळ्यांनी कबूल करायचं. मग त्या भीतीचे तीन वाटे करायचे. माझ्या हातात काय, गटाच्या हातात काय, आणि देवाच्या हातात काय.

उदाहरण देते. विजेची भीती. ढग कुठे गडगडेल हे देवाच्या हातात. गडगडायला लागलं की झाडाखाली न थांबणं, बांधीतून बाहेर येऊन पक्क्या घरात जाणं, हे माझ्या हातात. शेतात असलेल्या दहाही जणींना आवाज देऊन सोबत आणणं, हे गटाच्या हातात.

घरचा कमावता माणूस गेला तर, ही भीती. आयुष्य किती हे देवाच्या हातात. पण वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेत मिळतो, १८ ते ७० वयाला. ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, त्यात १८ ते ५० वयात नाव घालता येतं. त्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. पैसे आपोआप कापले जातात असं समजून बसू नका, खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. या आठवड्यात पासबुक भरून आणा आणि ती ओळ शोधा. ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यांचं पासबुक गटाच्या सचिवांनी बघायचं. हा झाला गटाचा वाटा.

मारहाणीची भीती. हा देवाचा वाटा नाहीच, हे आधी ठरवा. नशीब म्हणून सोसायला कोणत्याही देवाने सांगितलेलं नाही. १८१ हा महिलांसाठी, ११२ हा तातडीच्या मदतीचा. ती एकटी फोन करू शकत नसेल तर शेजारच्या घरातली गटातली बाई करेल.

आणि कधी कधी भीतीला कारणच सापडत नाही. झोप लागत नाही, छाती धडधडते, जगावंसं वाटत नाही. तेव्हा भक्ती कमी पडली असं समजू नका. तेही दुखणंच आहे, तापासारखं. १४४१६ वर फोन केला तर पैसे न लागता, मराठीत बोलायला माणूस मिळतो. नंबर आज फळ्यावर लिहून ठेवला आहे, जाताना लिहून घ्या.

असे वाटे केले की देवाच्या वाट्याला फार थोडं उरतं, असं तुम्हाला दिसेल. पण जे उरतं ते खरंच आपल्या ताकदीबाहेरचं असतं. तेवढं त्याच्यावर टाका आणि रात्री झोपा. आजवर आपण उलट करत आलो. जे आपल्या हातातलं ते देवावर टाकलं, आणि जे देवाच्या हातातलं त्याची काळजी रात्रभर आपण वाहिली.

विदर्भात तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. घरात एकट्याने प्रार्थना करता येत नव्हती का? येत होती. पण शेजारी बसलेल्याचा आवाज कानावर पडला की आपला आवाज खचत नाही. आपली बैठक सुद्धा मला तशीच वाटते. गोल करून बसायचं, सगळ्यांनी सगळ्यांना दिसायचं. कोरोनात आपल्या राज्यातल्या बचत गटांच्या बायांनी घरी बसून लाखो मास्क शिवले. भीती त्यांनाही होती. पण सोबत शिवणाऱ्या होत्या.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "देव आहे ना," तर मान हलवून लगेच उठू नका. तिला विचारा, "आहे बाई, नक्की आहे. पण आता आपण काय करायचं, ते सांग." आणि ती रडत असेल तर काही विचारू नका, नुसत्या शेजारी बसा. पाठीशी असणं म्हणजे तेही असतंच.

पुढच्या महिन्यात मी प्रत्येक गटात येईन. पासबुकातली ती ओळ प्रत्येकीने दाखवायची आहे. भीती कोणाची कोणती, ते मला सांगायचं नाही, ते तुमच्या गटातच राहू द्या.

 सगळ्यांची रोवणी सुखाची होवो.